टाकीच्या झाकणाला लांबी

एका हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, एकेकाळी एक वृद्ध वस्ताद बसत असत. वस्ताद म्हणजे कुस्तीतले नव्हेत, मोटारींचे. पन्नास वर्षं इंजिनं उघडून त्यांची बोटं काळी पडली होती आणि अलीकडे ती थरथरतही. कान मात्र शाबूत होते. त्यांनी साऱ्या आयुष्यात एकच शिष्य केला, आणि तीही बाई. तिचं नाव सगुणा. तिशी उलटलेली, सासर-माहेर दोन्हीकडच्यांच्या कपाळावर आठ्या चढवून पाना हाती घेतलेली. तिचा हात सफाईदार होता, पण गावाला ते मान्य करायचं नव्हतं.

त्याच गावात गुळाचे एक मोठे व्यापारी होते. शेड उभी होती ती जागा त्यांची. वडिलांच्या वेळची एक पेट्रोलवरची जीप त्यांनी जिवापाड जपली होती. ही जीप गावात गुणी लेकरासारखी चाले. हमरस्त्याला लागून वेग वाढला, की वीसेक किलोमीटरनंतर एक उचकी देई. मग दुसरी. मग घशात घास अडकावा तशी गुदमरून बंद पडे. बाजूला घ्यावी, बॉनेट उघडावं, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत, की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही! बरं, रोज असं होई म्हणावं तर तेही नाही.

सगुणाने तीन वेळा ही गाडी हाती घेतली. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा घातला. तिन्ही वेळा गावातून फेरी मारून पाहिली, ठणठणीत. आणि तिन्ही वेळा शेठ हमरस्त्यावर अडकले. तिसऱ्या खेपेला तर भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते. पोचले तेव्हा तिथे पानसुपारी चालू होती.

दुसऱ्याच दिवशी शेठ शेडच्या दारात उभे राहिले आणि रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वस्ताद, जागा माझी आहे. येत्या बाजारापर्यंत गाडी नीट झाली नाही, तर ही बाई मला इथे दिसता कामा नये. बांगड्या किणकिणतात तिथे इंजिन काय ऐकू येणार?"

सगुणाच्या हातात दोनच काचेच्या बांगड्या होत्या, आणि एकीला अडकवलेली सेफ्टी पिन. तिने त्या कोपरापर्यंत मागे सारल्या.

"शेठजी, तुमची गाडी बांगड्यांनी नाही अडवली."

"बघा! तोंडही आहे हिला."

"आहे ना. म्हणूनच विचारते. गाडी अडली त्या प्रत्येक दिवशी निघण्याआधी तुम्ही काय केलं होतंत?"

"काय करणार? लांब जायचं तर टाकी काठोकाठ भरतो. चार माणसं भरतात तशीच."

"आणि ज्या दिवशी अडली नाही?"

शेठ जरा थबकले. "तेव्हा अर्धीमुर्धी असेल. आता तो हिशेब कोण ठेवतो?"

"मग बाजाराच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून आणा," सगुणा म्हणाली, "आणि तुम्ही स्वतः बसा मागे. नंतर तिखटमीठ लावून सांगायला नको."

ठरल्या सकाळी जीप आली. शेठ जेवणाचा डबा घेऊन मागे बसले. गाडी रस्त्यात बसणार याची त्यांना खात्रीच होती. इतक्यात वस्ताद सुंभाचं वेटोळं घेऊन बाहेर आले. थरथरत्या हातांनी त्यांनी बॉनेट पुढच्या बंपरला बांधलं आणि सुंभाला सात गाठी मारल्या.

"हे काय, वस्ताद?" सगुणाने विचारलं.

"दोष सापडेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही."

शेठ मागून हसले. "आजाऱ्याचं तोंड बांधून औषध द्यायचं म्हणता!"

सगुणाला ते हसू झोंबलं, पण त्याहून अधिक झोंबल्या त्या सात गाठी. उद्या बाजार. आज हाती लागलं नाही, तर पाना खाली ठेवून घरी जायचं, आणि मग 'आम्ही म्हणतच होतो' असं म्हणायला दोन्ही घरं टपलेली. अशा दिवशी गुरूनेच हात बांधावेत? ती रागारागाने गाडी चालवू लागली. शेजारी वस्ताद शांतपणे भाजलेल्या शेंगा सोलत होते आणि टरफलं खिशात भरत होते.

नदीवरचा पूल गेला, साखर कारखान्याचा फाटा गेला. काटा सत्तरावर होता. आणि मग आली पहिली उचकी.

"आली!" शेठ एखादा पाहुणा यावा तसे आनंदाने म्हणाले.

आणखी दोन उचक्या देऊन जीप रस्त्याकडेच्या बाभळीखाली बंद पडली. सगुणा सवयीने उडी मारून बॉनेटशी गेली. हात सुंभावर पडला.

"वस्ताद, दोरी कापू का?"

"नाही."

"मग काय करू? गाडीची दृष्ट काढू?"

"काढ हवी तर. पण चारी बाजूंनी फिरून काढ."

शेठ पोट धरून हसले. सगुणा खरोखरच गाडीभोवती फिरू लागली. इंजिन असं गुदमरतं ते पेट्रोल पोचेनासं झालं की, हे तिला ठाऊक होतं. पंप नवा, गाळणी स्वच्छ. पंपाच्या मागे नळी, नळीच्या मागे टाकी. टाकी भरलेली, म्हणून तिकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. ती टाकीपाशी थांबली. झाकण हाताला नेहमीपेक्षा जड लागलं. तिने जोर लावून पीळ दिला.

सुऽऽऽस.

बुडता माणूस वर येऊन श्वास घेतो, तसा टाकीने लांबलचक श्वास आत घेतला. मग सगुणाने झाकण सैलसर ठेवलं, किल्ली फिरवली. दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागलं नाही. चार फेऱ्यांत इंजिन सुरू.

"झालं ना? चला मग," शेठ म्हणाले.

"नाही झालं. एकदा झालं तो योगायोग असू शकतो."

तिने झाकण पुन्हा गच्च आवळलं आणि गाडी पुढे काढली. पंधरा-वीस किलोमीटरवर उचक्या, बंद. झाकण फिरवलं, सुऽऽऽस, सुरू. शेठच्या मांडीवरचा डबा आता उघडायचाही राहिला होता. तिसऱ्या वेळी तिने झाकण मुद्दाम सैल ठेवलं आणि जीप टोलनाक्यापर्यंत त्याच वेगाने पळवली. मग वळवून परत बाभळीपर्यंत. एकही उचकी नाही.

बाभळीखाली थांबून तिने झाकण काढलं आणि उन्हात उलटं धरलं. आतल्या बाजूला सुईएवढं भोक असायला हवं होतं. तिथे लांबी, म्हणजे रंगारी फटी बुजवतात तो लगदा, भरून, वर घोटून सारखी केलेली होती.

"हे कुणी केलं?"

शेठ जरा चाचरत म्हणाले, "मीच. पेट्रोलचा वास यायचा. वास येतो म्हणजे थेंब थेंब उडून जातोय की! म्हणून बुजवलं."

सगुणाने बांगडीची सेफ्टी पिन काढली आणि ती लांबी कणाकणाने उकरू लागली.

"ए, थांब! झाकण माझं आहे."

"झाकण तुमचं, शेठजी. पण हे भोक बुजवलेली गाडी माझ्या हातून दुरुस्त होऊन बाहेर पडणार नाही. पुन्हा भरायचं असेल, तर दुसरीकडे न्या. आणि उद्या बाजार आहे. मी सात वाजता शेड उघडणार आहे. हाकलायचं तर तेव्हा या."

शेठ लालबुंद होऊन वस्तादांकडे वळले. "ऐकलंत? हे शिकवलंत तुम्ही?"

वस्तादांनी शेवटची शेंग तोंडात टाकली आणि ते सावकाश म्हणाले, "शेठ, टाकीतून जेवढं बाहेर जातं, तेवढी जागा भरायला बाहेरचा वारा आत यावा लागतो. तुम्ही थेंब राखायला गेलात आणि सगळी टाकी निरुपयोगी करून बसलात. हळू चाललं तर कुठल्याशा फटीतून भागतं, टाकी अर्धी असली तर आतल्या हवेवरही बराच वेळ निभतं. काठोकाठ भरून धावायची वेळ आली की गुदमरतं. माझंही तसंच आहे. पन्नास वर्षांची विद्या या देहात काठोकाठ भरली आहे, आणि हात थरथरू लागलेत. आत कुणी नवं यायचंच नाही असं ठरवलं, तर ती माझ्यातून बाहेर कशी पडणार? जागा तुमची आहे. उद्या सांगाल तर सामान उचलून याच बाभळीखाली येऊन बसेन. पण माझ्या दाराला लांबी लावणार नाही."

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. सगुणाने भोक मोकळं झालेलं झाकण टाकीला लावलं आणि गाडी गावाकडे काढली.

परतताना सगुणाने हळूच विचारलं, "वस्ताद, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"छे! मला एवढंच कळत होतं, की तीनदा बॉनेट उघडून तिथे काही सापडलं नव्हतं. चौथ्यांदा तिथेच कशाला डोकं घालायचं?"

शेडपाशी जीप थांबली. शेठ उतरले. पेट्रोलचा मंद वास येत होता. त्यांनी नाक ओढलं, झाकणाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग खिशात हात घालून जीपची दुसरी किल्ली काढली आणि ती वस्तादांच्या नव्हे, सगुणाच्या हातावर ठेवली.

"कार्तिकात लेकीकडे जायचंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "घाट आहे. आधी एकदा पळवून बघ."

सगुणा खाली बसून सुंभाच्या गाठी सोडू लागली. सातवी सुटली, तरी तिने बॉनेट उघडलं नाही.

आपलं भरलेलं घर किंवा चालता धंदा ऐन वेगात उचक्या देऊ लागला, तर आपण राखणीपायी कुठे लांबी भरली आहे, ते एकदा पाहावं.