ओल्या लिंपणावरचा पंजा

एका डोंगराखालच्या गावात एक म्हातारी सुईण होती. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. एका पावसाळ्यात तिचं घर खचलं, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की पुढच्या पावसाच्या आत आजीला मातीचं नवं घर बांधून द्यायचं.

गावात आळ्या चार, घराला भिंतीही चार; म्हणून एकेका आळीने एकेक भिंत घेतली. मातीत पाणी आणि भुसा घालून लहानथोर चिखल तुडवू लागले. कुणी घसरून पडलं की हशा पिकायचा. रीत अशी, की दिवसाला वीतभरच थर चढवायचा आणि तो वाळल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. शेवटी भिंतीच्या ओल्या लिंपणावर बांधणाऱ्याने आपला पंजा उमटवायचा. म्हणजे ती भिंत त्याच्या जिम्म्यावर.

वरच्या आळीचा गवंडी भारी बढाईखोर. "वीत वीत काय मोजत बसलात? माझी भिंत बघा!" म्हणत त्याने तीन दिवसांत भिंत पुरी केली. बाकीचे तोंडात बोट घालून बघत राहिले.

पण चौथ्या दिवशी भिंतीचं पोट सुटलं. खालच्या ओल्या थराला वरचं ओझं पेलेना. गवंडी मनातून चरकला, पण इतकी फुशारकी मारल्यावर सांगणार कोणत्या तोंडाने? त्याने फुगवट्यावर जाड लिंपण चोपडलं आणि गप्प बसला.

महिन्याभराने बाकीच्या भिंतीही झाल्या. छप्पर तेवढं राहिलं. तिघांनी पंजे उमटवले. गवंड्यानेही आपल्या भिंतीला लिंपणाचा ताजा हात दिला आणि उमटवायला पंजा उचलला.

इतक्यात आजी म्हणाली, "माझी बाज ह्याच भिंतीला लावा रे. ह्या पोराला जन्मायचीसुद्धा घाई, सातव्या महिन्यातच आला! दोन महिने कापसात गुंडाळून जपलाय मी ह्याला. आता ह्याची भिंत मला जपेल."

गवंड्याचा हात तिथेच थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"आजी, इथे निजू नकोस. ही भिंत पडेल. मी घाई केली आणि वरून लिंपून झाकलं." एवढं बोलून त्याने पहार उचलली आणि स्वतःच्या हाताने भिंत पाडली.

आजीने लुगडं वर खोचलं. "रडतोस काय? मातीच आहे ना? घाल पाणी, तुडवू पुन्हा!" म्हणत ती पहिली चिखलात उतरली. मग काय, सगळी आळी तिच्यामागे!

ह्या वेळी भिंत वीत वीत चढली. पावसाआधी छप्परही झालं. गवंड्याने लिंपणावर पंजा उमटवला, तशी आजीने भिंत थोपटली आणि म्हणाली, "आता कसे नऊ महिने पुरे भरले!"

सारा गाव खो खो हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसला तो गवंडी.

तात्पर्य एवढंच: हातून चूक झाली तर ती लिंपून झाकू नये. वेळेवर कबूल केली, तर त्याच मातीची धड भिंत पुन्हा उभी करता येते.