उलटी तरंगणारी सोनुली

फुलबागेच्या कुंपणाला टेकून एक एवढीशी झोपडी होती. तिथे यमू आणि तिची आई राहायच्या. आई फुलांच्या वेण्या करायची. पण तापाने तिच्या पायांतलं बळच गेलं. आता फुलं खुडायची यमू, झाडांना पाणी घालायची यमू आणि भाकरी थापायची तीही यमूच.

बागेत निळ्या फरशीचं तळं होतं. त्यात केशरी, पांढरे, शेंदरी सोनमासे रेशमी पदरासारख्या शेपट्या मिरवत झुलायचे. एके सकाळी यमूने पाहिलं, तर सगळ्यांत इवलीशी मासोळी पोट वर करून तरंगत होती. कल्ले मात्र हळूहळू हलत होते.

"ही काही जगत नाही," माळीबुवा म्हणाले. "काढून टाकतो."

"नको ना बुवा! मी नेऊ?"

यमूने तिला तळ्याच्याच पाण्यात, पसरट मडक्यातून घरी आणलं. मडकं टेकवलं मात्र, पाणी चमचम चमकलं आणि बोटभर उंचीची, मोतिया पंखांची परी वर आली.

"मी तळ्याची परी. माझ्या सोनुलीला उचललंस, म्हणून एक इच्छा माग. एकच हं! आणि जे तुझ्या हातांनी होण्यासारखं आहे, ते मागायचं नाही."

"यमे, मासोळीचा जीव माग गं," आई अंथरुणातून म्हणाली. "माझं काय, मी आहे अशी आहे."

यमूने मडक्यात पाहिलं.

"परीताई, सोनुली माझ्या हातांनी बरी होईल?"

"होईल. नाहीही होणार. धीर मात्र फार लागेल."

"मग तिचं मी करते. कसं करायचं, तेवढं सांग. आणि माझ्या आईला चालू दे."

परीने पंख झटकले. गुलाबी उजेड आईच्या पायांवर सांडला आणि आई भिंतीला धरून उभी राहिली! मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मग दोघी कामाला लागल्या. परीने सांगितलं तसं रोज थोडं पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच घालायचं. दोन दिवस खायला मुळीच नाही. सोनुली आ वासून बघायची. यमूचा हात पिठाकडे जायचा. आई तो हलकेच धरायची.

"खाऊन खाऊनच पोट फुगलंय तिचं. थांब बाळा."

तिसऱ्या दिवशी त्यांनी उकडलेला वाटाणा सोलून तिळाएवढा कण दिला. सोनुलीने तो गट्ट केला. चौथ्या दिवशी ती कलली, पुन्हा उलटली. यमू मडक्यापाशीच बसून राहिली. पाचव्या सकाळी सोनुली गर्रकन वळली आणि सरळ पोहू लागली!

दोघींनी तिला तळ्यात सोडलं. माळीबुवा डोळे पुसत म्हणाले, "पोरी, आजपासून हे तळं तुझ्या हवाली."

परी पाण्यावर आली. यमूने हात जोडले. "परीताई, तुझे आभार कसे मानू?"

"आज ते मला मानू दे गं," परी म्हणाली आणि तिने यमूच्या ओल्या बोटांवर डोकं टेकवलं. मग सोनेरी उजेड झाला, तळंभर पसरला आणि त्यात परी विरघळून गेली.