प्रधानाच्या पायलीची शीग

एका राज्यात साऱ्यांचं वेतन धान्यात मिळे, आणि पायली साऱ्यांना एकच. कोठारावर यक्षाचा पहारा होता. फरक एवढाच, की हमालांच्या पायलीवर हात फिरवून काठावर चढलेली धान्याची शीग उतरवून घेत. प्रधान हैबतरावांची पायली मात्र शिगेसकट जाई. ती शीग वर्षागणिक चढली. पुढे पुढे पायलीहून उंच झाली. यक्षाचं धान्य ते, घसरत नसे. कोणी कुरकुरलं तर हैबतराव म्हणत, "माप एकच आहे. तक्रार कसली?" आणि गंमत अशी, की त्यांना ते अगदी मनापासून पटलेलं होतं!

घरच्या माणसानं पायली धरायची, अशी रीत. एका वेतनाच्या दिवशी हैबतरावांची लेक केतकी पायली धरून बसली. कोठारातून धान्याची धार पडू लागली ती थांबेचना. केतकी गुडघ्यांपर्यंत गाडली गेली. हमाल धावले, पण उपसावं त्याच्या दुप्पट पडे.

कोठाराच्या तुळईवर बसलेली एक साळुंकी बोलली, "प्रधानजी, यक्षाचा शाप आहे. नागाच्या विहिरीचं पाणी आणा."

हैबतरावांनी फण्याखालून घागर भरून आणली. पाणी शिंपडलं. धार बारीक झाली, पण थांबली नाही. धान्य कमरेशी आलं.

"जळत्या डोंगराची राख आणा."

तळपाय भाजून घेत त्यांनी राख आणली. धार आणखी बारीक झाली. पण धान्य आता गळ्याशी होतं.

"आता आपल्या पायलीवरून हात फिरवा."

एवढंच? हैबतरावांनी शिगेवर तळहात टेकला. हात हलेना. त्याला कोणी धरलं नव्हतं, यक्षानंही नाही.

"मी प्रधान आहे," ते पुटपुटले. "हमालाएवढंच न्यायचं?"

"माप एकच ना, प्रधानजी?" साळुंकी म्हणाली.

"आबा," केतकी कशीबशी बोलली, "दाणे तोंडात जातायत..." पुढचा शब्द उमटलाच नाही.

हैबतरावांनी डोळे मिटले आणि हात फिरवला.

धार थांबली. शीग कोसळली, दारातून वाहत हमालांच्या पायांशी गेली. राही हमालणीनं केतकीला बखोटीला धरून बाहेर ओढलं. पोर खोकली, रडली. हैबतराव तिला कवटाळून हमसाहमशी रडले. मग सपाट पायली उचलून घरी गेले.

तेव्हापासून तिथला प्रधान आपली पायली सर्वांत आधी, सगळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं सपाट करतो. हात अडखळला, तर साळुंकी वरून हळूच खाकरते.

हैबतरावांची शीग उतरली, तशी तुमची आमची वेळेवर उतरो.