प्रोफेसरांची ट्रंक

"मग त्यात दोन विनोद घालू, की गाणंच मागे घेऊ?"

विल्बर्टने डोक्यावरची हॅटसुद्धा काढली नव्हती. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या त्या घराचे तीन जिने चढून तो प्रश्न घेऊनच आत शिरला होता.

पियानोपाशी अलॉन्झो पेटिग्रू बसले होते. या म्हाताऱ्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी ब्रॉडवेच्या नाटकगृहांतले सगळे कृष्णवर्णीय वादक त्यांना प्रोफेसर म्हणत. बारा संगीतिका त्यांच्या नावावर होत्या. विल्बर्ट मात्र खऱ्या कॉलेजात संगीत शिकलेला, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"विनोद घाल म्हणतो कोण?"

"माझ्या संगीतिकेचा मॅनेजर. म्हणतो, आपल्या रंगाची जोडी मनापासून प्रेमाचं गाणं म्हणायला लागली, की गोरे प्रेक्षक हसतात. मग आपणच हसवलेलं बरं... उद्या सकाळी उत्तर द्यायचंय."

प्रोफेसर उठले. ते स्टुलावर नाही, एका जुन्या ट्रंकेवर बसून पियानो वाजवतात, हे विल्बर्टला तेव्हा दिसलं.

"यात काय आहे?"

"बघ."

आत गाण्यांचे कागद होते. प्रत्येक जुडग्यावर वेगळ्या संगीतिकेचं नाव, आणि पहिल्याच पानावर तांबड्या पेन्सिलीची फुली. विल्बर्ट चाळत गेला. तिसऱ्या जुडग्याशी तो थबकला. आधीची दोन त्याने पुन्हा काढून पाहिली.

"प्रोफेसर, हे तर एकच प्रेमाचं गाणं आहे."

"हो."

"सगळीकडे?"

"अकरा वेळा घातलं. अकरा वेळा काढलं."

"आणि बाराव्या वेळी?"

"राहिलं."

विल्बर्ट ट्रंकेपाशी खालीच बसला. त्याचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. त्याला आता खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाराव्या वेळी बदललंत काय?"

"काही नाही."

"चाल?... शब्द?"

"तेच."

"मग मॅनेजर नवा असेल."

"तोही तोच. म्हातारा झाला होता. माझ्याशी भांडायचा कंटाळा आला त्याला."

विल्बर्टने हॅट काढून मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी टाळ्या पडल्या?"

प्रोफेसरांनी कागद आत ठेवले, झाकण लावलं आणि पुन्हा ट्रंकेवर बसले. बोटं पट्ट्यांवर ठेवली.

"टाळ्यांचं आठवत नाही. कुणी हसलं नाही."