भिवराची खाण

फोटो या बाजूने काढा, म्हणजे थर नीट दिसतील. खालचा भाग सुरुंगाने फोडलेला, तो अलीकडचा. वर छिन्नीच्या तिरप्या रेघा आहेत, त्या फार जुन्या. आणि त्या रेघांमध्ये माणूस मावेल एवढा कोनाडा दिसतो ना, तो मात्र दगड काढण्यासाठी खोदलेला नाही.

असं सांगतात, की इथे पाथरवटांची वस्ती होती. त्यातला कोंडाजी लांबच्या एका किल्ल्याच्या कामावर गेला. मागे बायको राहिली, भिवरा. तीही छिन्नी चालवायची. वस्तीतली माणसं म्हणे नुसत्या आवाजावरून सांगायची, हा घाव कोंडाजीचा, हा भिवराचा.

दोन पावसाळे गेले, तो आला नाही. मग तिकडून परतलेल्या एका गाडीवानाने सांगितलं, की कपची उडून कोंडाजीचे दोन्ही डोळे गेले, आणि कुणाला न सांगता तो काठी टेकत घराकडे निघाला. भिवराच्या भावांनी वाटा धुंडाळल्या. पत्ता लागला नाही.

पुढे इथला चांगला दगड सरला. वस्ती दुसऱ्या डोंगराकडे निघाली. भावांनी भिवराला परोपरीने विनवलं. ती म्हणाली, "त्याला वाट दिसायची नाही. माझा घाव तरी ऐकू येऊ दे."

ती एकटी मागे राहिली. रोज दिवस कलला की याच जागी कातळावर छिन्नी चालवायची. त्यातून हा कोनाडा झाला. केस पिकले, हात थरथरू लागले. मरताना तिने जवळच्या गावातल्या बायांकडून वचन घेतलं, की घाव थांबू द्यायचा नाही. बायांनी ते पाळलं, जमेल तसं.

आणि एका संध्याकाळी एक आंधळा म्हातारा खाणीत उतरला. बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "आवाजावर आलो. पण हा हात भिवराचा नाही."

बायांतल्या एकीने त्याला धरून कोनाड्यात नेलं. त्याने भिंतीवर बोटं फिरवली, खालपासून हात पोचेल तिथवर. मग कपाळ टेकवलं.

"हा तिचा," एवढंच म्हणाला. तो पुन्हा इथून कुठे गेला नाही.

आजही गावातलं कुणी लांब गेलं, की घरचं माणूस दिवेलागणीच्या आधी इथे येऊन छिन्नीचे चार घाव घालतं. माझा थोरला आखातात आहे. यंदाही त्याचं येणं झालं नाही. तुमचे फोटो झाले असतील, तर जरा शांत उभे राहाल का? आवाज लांब जायला हवा.