कमळांच्या कोपऱ्यातली बंदी

तळ्यांनाही आपापले कायदे असत, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याचा जुना कायदा रद्द होऊन नवा आला, आणि दुसऱ्याच दिवशी बगळोबा कमळांच्या कोपऱ्यात उतरले. तिथे बेडकीची पिल्लं होती, नुकती शेपटी हलवायला शिकलेली.

"अहो, इथे बगळ्यांना बंदी आहे! तसा हुकूम आहे," बेडकी ओरडली.

"तो जुन्या कायद्याखालचा हुकूम, वहिनी. कायदा गेला, त्याबरोबर हुकूमही गेला," बगळोबा चोच परजत म्हणाले.

बेडकीला पाण्यातही घाम फुटला. त्यांचं बरोबरच असेल, आपल्याला मेलं कायद्यातलं काय कळतं, असं तिला वाटलं. तरी तिने भीत भीत विचारलं, "मग सगळं तळं दिसतं तो उंच दगड तुम्हाला मिळाला, तोही जुन्याच हुकमाने ना?"

हे ऐकून फांदीवरचा खंड्या टुणकन पुढे सरकला. "म्हणजे दगड मोकळा झाला? बसू का मी?"

बगळोबांची चोच जागीच थांबली.

"खबरदार! नवा हुकूम निघेपर्यंत जुने सगळे चालूच राहतात. एवढंही कळत नाही?" असं खेकसून, पिल्लांना तिथेच सोडून, ते घाईघाईने दगडाकडे उडाले.