निंबारीची ओळ

निंबारी गावात भिवाजी नावाचा एक पाणाड्या राहत होता. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते तो सांगायचा आणि लोक तिथे विहीर खणायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालायचा, आणि नारळ उभा राहिला की थांबायचा. बहुतेक वेळा पाणी लागायचे, म्हणून गावात त्याला मान होता. पण टेकडीखालची एक विहीर कोरडी निघाली होती. चाळीस हात खणूनही ओल लागली नव्हती. खणणाऱ्यांनी त्याला शब्दाने दुखवले नाही, आणि त्यामुळेच त्या वाटेने जाताना तो मान वर करत नसे.

त्याला एकच मुलगी होती, सगुणा. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बापाबरोबर ती रानोमाळ हिंडायची आणि सारखी विचारायची, "बा, खाली पाणी आहे हे तुला कसं कळतं?"

"कळतं तेव्हा कळतं," भिवाजी म्हणायचा. "चुकतं तेव्हा का चुकलं, ते मात्र कळत नाही."

त्या राज्यात नदीच्या दोन काठांवर, अगदी समोरासमोर, दोन विद्यापीठे होती. दोन्ही राजाच्या खजिन्यातून चालत, आणि जो परीक्षेत उतरेल त्याला दोन्हींचे दार उघडे असे. पूर्वतीरावर न्याय, व्याकरण आणि राज्यकारभार शिकवत. पश्चिमतीरावर तारे, झाडपाला, जमीन आणि पाणी. पूर्वतीरवाले पश्चिमतीरवाल्यांना 'चिखलतुडवे' म्हणत आणि ते यांना 'पोपट' म्हणत. मध्ये पूल बांधावा असे राजाच्या मनात होते. पण पहिला दगड कोणत्या काठावर ठेवायचा, यावर मोठमोठे पंडित असे काही भांडले की राजाने कंटाळून एक नावाडी नेमला.

सगुणा दोन्ही परीक्षांत उतरली. दोन्हीकडून प्रवेशाचे तांब्याचे बिल्ले घरी आले.

भिवाजी म्हणाला, "एवढंच विचारून ये, पोरी. टेकडीखालच्या विहिरीत माझं काय चुकलं? ते कळलं की मी निवांत डोळे मिटीन."

मग कुठे जायचे ते उघडच होते. पण उघड गोष्टीतही सल्ला देणार नाही, ते गाव कसले! पाटील तुळाजीराव स्वतः घरी आले.

"पूर्वतीरावर आपल्या निंबारीची ओळ आहे," ते म्हणाले. "पश्चिमतीरावर तुला मीठ विचारणारं तरी आहे का कुणी?"

ही ओळ म्हणजे जेवणाची. दोन्ही विद्यापीठांत मुले पंगतीला आपापल्या गावाप्रमाणे बसत. तीन पिढ्या निंबारीची मुले पूर्वतीरावर जात आली होती. तिथे त्यांची सतरा पाने मांडली जायची. पश्चिमतीरावर निंबारीचे एकही पान नव्हते. काय शिकायचे याचा विचार सगुणेने पुष्कळ केला होता, पण कुणाबरोबर जेवायचे याचा केला नव्हता. शेकडो अनोळखी माणसांत आपले एकटीचे पान तिला डोळ्यांसमोर दिसू लागले. भिवाजीला बोलता आले असते. पण पोर एकटी पडेल ही भीती त्यालाही होती, म्हणून तो गप्प राहिला.

घाटावर एक रीत होती. जे विद्यापीठ निवडायचे नाही, त्याचा बिल्ला नावाड्याला द्यायचा. यादीतल्या पुढच्या मुलाला तो मिळत असे. सगुणेने पश्चिमतीराचा बिल्ला देऊन टाकला. नावाड्याने तो नावेच्या पुढच्या टोकाला अडकवला आणि तिला पूर्वतीरावर उतरवले.

पहिले आठ दिवस गोड गेले. कुणाची म्हैस व्याली, कुणाचे लग्न ठरले, सगळे गावचेच बोलणे. नवव्या दिवशी सगुणेने जेवताना विचारले, "एकाच शेतात एका टोकाला पाणी लागतं आणि दुसऱ्या टोकाला लागत नाही, असं का होत असेल?"

"जेवताना पाणी प्यायचं असतं, बाई," शेजारचा खेमा म्हणाला. "त्याचं गोत्र विचारायचं नसतं."

सतरा जण पोट धरून हसले. त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण सगुणेने पुन्हा तो प्रश्न काढला नाही. वर्गात ती राजाज्ञांचे मसुदे पाठ करायची, पंगतीत हसण्यासारखे असेल तिथे हसायची, आणि मधल्या वेळात खिडकीशी उभी राहायची. पलीकडच्या काठावर मुले वाळूत खड्डे खणून वाकून बघत असत. पंगतीत दोन्ही बाजूंना आपलीच माणसे असताना इतके एकटे वाटते, हे तिने कधी कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तरी तेही हसण्यावारी गेले असते.

अशी दोन वर्षे गेली. एकदा घाटावर कपडे धुताना तिला नावेच्या टोकाशी एक बिल्ला दिसला. हिरवा पडलेला, पण तोच.

"हा अजून इथेच?" तिने विचारले.

"जलविद्येच्या यादीत तुझ्यामागं कुणी नव्हतंच," नावाडी म्हणाला. "ज्याचा त्याला द्यावा, म्हणून ठेवलाय."

तिने त्या दिवशी पंगतीत सांगितले, की मी पलीकडे जाते. ओळीतले घास थांबले.

"पहिल्या वर्षापासून सुरू करशील? चिखलतुडव्यांत?" खेमाने विचारले. मग हळूच म्हणाला, "गेलीस तर पान उचलावं लागेल, सगुणे. रीत आहे."

"उचला," ती म्हणाली.

पश्चिमतीरावर वाढप्याने विचारले, "गाव?"

"निंबारी."

त्याने पंगतींवरून नजर फिरवली. "ही ओळ नाही आमच्याकडे." आणि दाराजवळच्या मोकळ्या भिंतीशी त्याने तिचे एकटीचे पान मांडले. ज्याला भिऊन दोन वर्षे गेली, तेच पान. ती बसली आणि जेवली. रोज तशीच जेवली. एकटेपणा होताच, तो कमी झाला असे मी म्हणणार नाही. पण सकाळी वर्गात तिने तो जुना प्रश्न विचारला, तेव्हा म्हाताऱ्या आचार्यांनी हातातली पोथी खाली ठेवली आणि म्हणाले, "चल, खणून बघू." त्या दिवशी ती कोपरापर्यंत चिखलात माखून परतली आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

दुसऱ्या वर्षी नावाडी निरोप घेऊन आला. भिवाजी गेला होता. तीन दिवसांपूर्वीच गेला होता. सगुणा पंगतीला गेली. वाढप्याने नेहमीप्रमाणे पान मांडले. शेजारी कुणी नव्हते, म्हणून सांगायलाही कुणी नव्हते. तिने पानाला हात लावला नाही.

आणि तिसऱ्या वर्षी तिला उत्तर सापडले. जमिनीच्या पोटात कुठे कुठे काळ्या, घट्ट दगडाची उभी भिंत असते. चढावरून झिरपत आलेले पाणी त्या भिंतीशी अडते आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. सगुणा गावी गेली. टेकडीखालच्या कोरड्या विहिरीपासून ती चढावर पावले मोजत गेली, आणि बाराव्या पावलावर थांबली.

"इथे खणा," ती म्हणाली.

वीस हातांवर पाणी उसळले. गाव नाचले. "आपल्या ओळीतली पोर!" असे तुळाजीरावांनी चारचौघांत सांगितले. सगळे नव्या विहिरीभोवती जमले होते, तेव्हा सगुणा जुन्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली. आत वाकून, कुणी खाली बसले असावे तशी ती बोलली, "बा, बारा पावलं. नुसती बारा पावलं चुकली होती रे."

सरळ पश्चिमतीरावर गेली असती, तर हे उत्तर तिला दोन वर्षे आधी मिळाले असते, आणि तेव्हा ते ऐकायला बाप होता. हा हिशेब तिला कुणी करून दाखवायची गरज नव्हती. ती तिथे बसून खूप रडली.

पुढे ती पश्चिमतीरावरच शिकवू लागली. जेवायला मात्र दाराजवळच्या त्याच भिंतीशी बसायची. एके वर्षी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. गाठोडे छातीशी धरलेले, ओठ सुकलेले.

"गाव?" वाढप्याने विचारले.

"निंबारी," मुलगी पुटपुटली. आता काय ऐकावे लागणार ते ती गावातूनच ऐकून आली होती.

वाढप्याने भिंतीशी असलेल्या त्या एका पानाकडे बोट दाखवले. "ती काय तुमची ओळ."

सगुणेने वर पाहिले. "पूर्वतीरावर आपल्या गावची एवढी मोठी पंगत आहे. इथे का आलीस?"

"मला ताऱ्यांचं विचारायचं होतं," मुलगी म्हणाली. "तिथं ते कुणी शिकवत नाही."

सगुणेने आपले पान थोडे सरकवून शेजारी जागा केली.

"वेळेवर आलीस," ती म्हणाली. "बस."

तात्पर्य: विद्यालय निवडताना तिथे आपल्या शेजारी कोण बसेल हे पाहू नये, आपला प्रश्न तिथे कोण ऐकून घेईल हे पाहावे. एकट्याने बसायचे दिवस कधीतरी सरतात, पण भिऊन घालवलेली वर्षे परत मिळत नाहीत.